कडुलिंबाखालचा आकडा

दस्तगीरचाचांचा पांढरा कोट दिवसातून आठ-दहा वेळा खिळ्याला अडकायचा आणि तितक्याच वेळा परत अंगात यायचा. औषधखोलीत कोट अंगात, बाहेर झाडाखाली जाताना कोट खिळ्याला. खिळा त्यांनीच दाराच्या चौकटीत ठोकला होता. ही सवय त्यांना आधीपासून नव्हती. ती लागताना मी पाहिली, म्हणून मला सांगता येतं.

दवाखाना परंड्यापासून एसटीनं पाऊण तासावर. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक शिपाई आणि एक नर्स, म्हणजे मी. मी तिथं होते त्या बारा वर्षांत सहा डॉक्टर बदलले. चाचा बदलले नाहीत. सरकारी कागदावर ते औषधनिर्माता होते, पण तो शब्द पगारपत्रकाबाहेर कुणी वापरला नाही. गाव त्यांना कंपाउंडरसाब म्हणायचं, मी चाचा. ते मला ‘बाई’ म्हणायचे आणि मी वीस वर्षांनी लहान असूनही कधी एकेरीवर आले नाहीत.

उंच, पाठीत थोडे वाकलेले, आखूड दाढी, डोक्याला जाळीची टोपी. वरच्या खिशात एक निळी पेन्सिल आणि एक छोटी कात्री. कात्री मिक्श्चरच्या बाटलीसाठी. कागदाची पट्टी दुमडून तिला कातरा द्यायचा, की उलगडल्यावर सारख्या अंतरावर खाचा पडतात. ती पट्टी बाटलीला चिकटवली की एक खाच म्हणजे एक डोस. चाचांच्या खाचा फुटपट्टीनं मोजल्या तरी चुकत नसत. मी मोजून पाहिल्या आहेत.

मी रुजू झाले तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. टँकर तीन दिवसांनी यायचा. गावातली बहुतेक माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि आमच्याकडं येणारे रोगी म्हणजे फुटलेली बोटं आणि जुलाब. पहिल्याच दिवशी चाचांनी मला पाण्याची रीत सांगितली. सुया-सिरिंजा उकळल्या की ते पाणी फेकायचं नाही. गार झालं की त्यात फरशी पुसायचं फडकं बुडवायचं. फरशी पुसून उरलेलं पाणी अंगणातल्या कडुलिंबाला.

“झाडाला सुया टोचता व्हय, चाचा?” शिपाई त्यांना चिडवायचा.

“टोचू दे. गावात एवढंच एक हाय, टोचलं तरी बोंबलत न्हाय.”

दुष्काळात आजूबाजूची झाडं वाळून गेली. हा कडुलिंब जगला. पुढं जे झालं त्यातलं बरंचसं त्याच्याच सावलीत झालं.

कोटाचं प्रकरण आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षीचं. भिवा मांजरे नावाचा गडी होता, नदीवरच्या उपसा सिंचन सोसायटीच्या पंपाचा राखणदार. डोकं दुखतं म्हणून आला. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, वरचा आकडा एकशे नव्वद. गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा एकशे नव्वद. गोळ्या वाढवल्या. चार दिवसांनी निरोप आला की भिवा पंपावर चक्कर येऊन पडला. डॉक्टर जिल्ह्याच्या मीटिंगला धाराशिवला गेलेले. चाचांनी पाऱ्याच्या यंत्राची पेटी सायकलला बांधली आणि मला म्हणाले, “चला बाई, तुमची वही घ्या.”

भिवा घराबाहेर बाजेवर बसला होता.

“काय भिवा, पडलास म्हणं?”

“पडलो न्हाय. जरा आडवा झालो.”

“आडवं हुत्यात व्हय असं, त्वांड चिखलात घालून?” त्याची बायको आतनं म्हणाली.

चाचांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकशे पन्नास. त्यांनी पट्टा काढला नाही. मग म्हणाले, “भिवा, खरं सांग. दवाखान्यात आला का तुला काय हुतं?”

“काय न्हाय.”

“सांगा की,” बायको बाहेर आली. “आदल्या दिसापासनं डबा घिऊन पळतंय माणूस.”

भिवा चाचांच्या अंगातल्या कोटाकडं बोट करून म्हणाला, “त्यो. आमच्या धाकट्याला पंपावरनं जीपमधी घातलं तवा असाच कोटवाला फुडं बसलावता. दोन म्हैनं झालंवतं लग्नाला. तुमाला न्हाय म्हणत, चाचा. तुमी न्हवता. पर कोट त्योच की.”

आणीबाणीतल्या नसबंदीच्या केसेसची यादी आमच्याही दवाखान्यात होती. अक्षर माझंच होतं. ह्या गावची नावं तिच्यात नव्हती, ती दुसऱ्या पथकाकडं गेली होती. पण हे मी तिथं बोलले नाही, आणि त्यानं भिवाला काही फरकही पडला नसता.

चाचांनी कोट काढला, उलटा घडी केला आणि पेटीखाली ठेवला. मग चहा मागितला. चहा येईपर्यंत भिवाच्या म्हशीची चौकशी केली, सोसायटीच्या चेअरमनच्या मिश्यांवर बोलले. भिवा हसला. कप खाली ठेवल्यावर चाचांनी परत फुगा दाबला. एकशे चार. भीती उतरली की गोळ्यांनी दाब इतका खाली जात होता, म्हणून चक्कर.

“लिवा,” ते मला म्हणाले. “दोनी लिवा.”

परत येताना भिवानं पंप दाखवतो म्हणून थांबवलं. त्यानं बटण दाबलं, मोटर घुमली आणि पाणी चढताना लोखंडी पाइपाला असा हिसका बसला, की त्याच्या खालचे दगड हलले. पाइप मध्ये एका ठिकाणी फुटला होता, तिथं रबरी तुकडा घालून तारेनं आवळलेला होता. चाचा खाली बसले. माझा हात आधी लोखंडावर ठेवला, मग रबरावर.

“काय फरक हाय?”

“लोखंड हादरतं. रबर नुसतं फुगतं.”

“हौ. रबर धक्का गिळतं. लोखंडाला गिळता येत न्हाय. आपल्या अंगातल्या नळ्या बी अशाच. तरणेपणी रबर. फुडं फुडं लोखंड.”

मग त्यांनी तिथंच भिवाचं मनगट धरून मला एक गोष्ट शिकवली. नाडीवर तीन बोटं ठेवायची. वरच्या, कोपराकडच्या बोटानं रक्त अडवायचं. आता खालच्या बोटाखाली काही लागायला नको, कारण रिकामी नळी मऊ असते, चपटी होते. तरीही बोटाखाली काही सरकलं, सुतळीसारखं, तर समजायचं नळी कडक झाली. निजामाच्या वक्ताला धाराशिवला एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी हे चाचांना शिकवलं होतं. भिवाची नळी लागली नाही.

“ह्याचं सगळं भ्याचं हाय,” चाचा म्हणाले. “नळी रबर हाय.”

त्या आठवड्यात खिळा ठोकला गेला. परंड्याच्या भंगारवाल्याकडून चाचांनी एसटीच्या मोडीत काढलेल्या गाडीचं एक दोन माणसांचं बाकडं आणलं आणि कडुलिंबाखाली ठेवलं. डॉक्टरांच्या खोलीत ज्याचा दाब जास्त निघे त्याला चाचा कोट काढून बाहेर आणत आणि बाकड्याकडं हात करून ओरडत, “चला, कुर्डुवाडी, कुर्डुवाडी! खिडकीची जागा हाय!” माणूस हसत बसे. मग दहा मिनिटं कुठल्याही गोष्टी, फक्त आजाराच्या नाहीत. मग मोजणी. मी वहीत दोन रकाने आखले, ‘आत’ आणि ‘बाहेर’. आतला आकडा लाल शाईनं, बाहेरचा निळ्या पेन्सिलीनं.

त्या वेळचे डॉक्टर समंजस होते. दोन्ही आकडे बघून ते गोळी ठरवू लागले. चक्कर येऊन पडणं थांबलं. काहींच्या गोळ्या कमी झाल्या, काहींच्या बंद झाल्या. पुढच्या डॉक्टरांनीही तीच रीत चालू ठेवली, कारण वही तयारच होती. हळूहळू गाव बाहेरच्या आकड्यालाच आकडा म्हणू लागलं. आतला आकडा सांगितला तर लोक म्हणत, “त्यो जाऊ द्या. चाचाचा किती?”

चाचांचा स्वतःचा दाब आम्हाला कळला तो अपघातानंच. नव्या यंत्राचा पारा बरोबर चढतो का हे बघायला डॉक्टरांनी समोर उभ्या असलेल्या चाचांचाच दंड बांधला. एकशे पंच्याऐंशी. सगळे हसले. जन्मभर कोट घातलेला माणूस कोटाला भितो म्हणून शिपायानं ही बातमी हॉटेलात सांगितली. चाचाही हसले. पण बाहेर बाकड्यावर मी घेतला तेव्हाही तो एकशे साठाच्या वर होता. गोळी सुरू झाली. तेव्हापासून दर गुरुवारी, शेवटचा रोगी गेला की, चाचा कोट खिळ्याला लावून बाकड्यावर बसत आणि मी त्यांचा आकडा घेई. महिन्यातून एकदा डॉक्टर आत घेत.

गोळीनं बाहेरचा आकडा खाली आला. एकशे चाळीस, एकशे अडतीस. आतला मात्र उतरलाच नाही. एकशे ऐंशी, एकशे नव्वद. दोन रकान्यांतलं अंतर चाळीस-पन्नासाचं राहिलं, तीन वर्षं.

दर गुरुवारी आकडा लिहून झाला, की चाचा मनगट पुढं करत. “हात लावा. काय म्हणती नळी?”

“लागते, चाचा.”

“सुतळी का दोर?”

पहिल्या वर्षी मी सुतळी म्हणत असे. तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी मी दोर म्हणाले.

चाचांनी बाही खाली केली, गुंडी लावली. मी विचारलं, “हे लिहू का?”

“कुठं लिवणार? रकाना कुठंय त्याला?”

खरंच नव्हता. आखायला अर्धं मिनिट लागलं असतं. फुटपट्टी माझ्या टेबलावरच असायची.

सहावे डॉक्टर सोलापूरला शिकून आलेले, तरुण. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी चाचांचा दाब घेतला, एकशे शहाण्णव. त्यांनी चाचांना खुर्चीवर बसवलं आणि मला दार लावायला सांगितलं.

“चाचा, गोळी वाढवू. आणि एकदा सोलापूरला जाऊन छातीची पट्टी, ईसीजी, काढून या, डोळ्यांचे पडदे दाखवा.”

“साहेब, हा आकडा आतला हाय.”

“आणि खरा कुठला?”

“बाहेरचा. माणूस बाहेर जगतो, साहेब. आत पाच मिनिटं येतो.”

“ती पाच मिनिटंही त्याच शरीराला सोसावी लागतात. आणि अशी पाच मिनिटं दिवसात किती येतात, कुणी मोजलंय? जिन्यावर, भांडणात, स्वप्नात?” डॉक्टर शांतपणे बोलत होते. “गोळी चालू असताना आकडा एवढी उडी मारतो, ती नुसती भीती नाही असं मला वाटतं. भीती सगळ्यांनाच असते. नळी कडक असली की ती भीती अशी उसळते.”

हे चाचांना ठाऊक होतं. पंपावर माझा हात धरून हेच त्यांनी मला सांगितलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते कोटाच्या बाहीकडं बघत होते.

“गोळी वाढवली का डोकं फिरतं, साहेब. म्या औषधं तोलतो. हात हलला तर कुणाच्या तरी पोराच्या पोटात दुप्पट जाईल.”

“दुसऱ्या जातीची गोळी देऊ.”

“आणि साहेब…” चाचा थांबले. “तुमचं बरूबर निघालं तर त्या सगळ्यांचं काय? म्या बाहेरच्या आकड्यावर त्यांच्या गोळ्या कमी करायला लावल्या. गावात फिरताना त्यांच्या घरावरनं जातो म्या.”

मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, वही आणा.”

मी वही आणली. चाचांची पानं काढून टेबलावर ठेवली. तीन वर्षांचे गुरुवार, एकही खाडा नाही. बाहेरचे आकडे एका ओळीत, निळे, जवळजवळ सरळ. डॉक्टर बराच वेळ पानं उलटत राहिले.

“वही उत्तम ठेवलीय, सिस्टर,” ते म्हणाले.

मला बरं वाटलं. हे लिहिणं भाग आहे, कारण त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. मनगटाचं मी बोलले नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि वहीत ते नव्हतं. डॉक्टरांनी गोळी आहे तेवढीच ठेवली आणि पुढच्या महिन्यात परत बघू म्हणाले. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, निळी ओळ सरळच होती.

आठ महिन्यांनी एका सोमवारी सकाळी चाचा बाटल्यांच्या पट्ट्या कातरत होते. मी कात्री पडल्याचा आवाज ऐकला. चाचा ती कधी पाडत नसत म्हणून मी आत गेले. ते स्टुलावर एका बाजूला कलंडले होते, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात खाली लोंबत होता. मी काय केलं ते मला क्रमानं सांगता येतं. डॉक्टरांना हाक मारली. शिपायाच्या मदतीनं चाचांना जमिनीवर घेतलं, कुशीवर वळवलं. टोपी काढून बाजूला ठेवली. डावा दंड बांधला. दोनशे तीस. चाचांच्या अंगात कोट तसाच होता. एक क्षण मला वाटलं की ह्यांना बाहेर बाकड्यावर न्यावं, दहा मिनिटं थांबावं आणि परत घ्यावं.

दूध सोसायटीची गाडी बार्शीला निघाली होती. रिकाम्या कॅनांच्या मधे जागा करून त्यांना नेलं. मी दवाखान्यात थांबले, कारण बाहेर पंचवीस रोगी बसले होते. टेबलावरच्या कागदी पट्टीला तीन खाचा कातरलेल्या होत्या. मी बाकीच्या कातरल्या. सारख्या आल्या नाहीत.

रडू आलं नाही. त्या आठवड्यात मी वही काढून एक यादी केली. गोळ्या चालू असून ज्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या आकड्यात मोठं अंतर होतं, ती सगळी माणसं. एकतीस नावं निघाली. फुटपट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखला, त्याला ‘नाडी’ नाव दिलं. एकेकाला बोलावून घेतलं. नऊ जणांची नळी बोटाखाली सरकली. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या बदलल्या, चौघांना सोलापूरला पाठवलं. बावीस जणांची लागली नाही. त्यांत भिवा होता.

“बाई, माझं बी काय चुकलंय का?” त्यानं विचारलं. तो बाकड्यावर खिडकीच्या बाजूला बसला होता, जणू तिथं खिडकी होती.

“नाही. तुमचं बरोबर होतं.”

“मग चाचाचं कसं चुकलं?”

मी पुढचं नाव पुकारलं.

बदलीचा हुकूम आला तेव्हा चाचांना घरी आणून सहा महिने झाले होते. मी त्यांना भेटायला परंड्याला गेले. घर किल्ल्याच्या अंगाला, दोन खोल्या, पुढं ओटा. जुबेदाचाचींनी मला आत नेलं. चाचा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. वाचा गेली होती, चाचींच्या म्हणण्याप्रमाणं चार-पाच शब्द उरले होते आणि तेही हवे तेव्हा येत नसत.

मी सांगायचं ते सांगून टाकलं. बदली नळदुर्गकडं, एकतीस नावं, नऊ जण, नवा रकाना. ते ऐकत होते का, कळत नव्हतं. मग मी सवयीनं बरोबर आणलेली यंत्राची पेटी आणि वही उघडली आणि त्यांचा आकडा घेतला. एकशे बासष्ट. लिहायला लागले तेवढ्यात ते बोलले.

“भायेर.”

“क्या बोले?” चाची धावत आल्या. तो शब्द त्या चार-पाचांत नव्हता.

“भायेर,” चाचा परत म्हणाले, आणि डाव्या हातानं दाराकडं दाखवलं.

चाचींनी शेजाऱ्याला हाक मारली. आम्ही तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून ओट्यावर आणलं. समोर किल्ल्याचा बुरूज, खाली खंदकाच्या कडेला बकऱ्या. मी दहा मिनिटं थांबले. तोवर चाचींनी शेजारणीच्या कोंबड्यांचं काहीतरी सांगितलं. मग मी फुगा दाबला.

एकशे बासष्ट.

परत घेतला. तोच आला. मी लाल शाईनं आतला लिहिला, निळ्या पेन्सिलीनं बाहेरचा, आणि वही त्यांच्यापुढं धरली. दोन रकान्यांत एकच आकडा. इतक्या वर्षांत त्यांच्या पानावर असं पहिल्यांदाच झालं होतं. ते पानाकडं बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी मांडीवरच्या उजव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. वरचं बोट दाबलं. खालचं हळूच सरकवलं, एकदा इकडं, एकदा तिकडं. मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि हनुवटीनं तिसरा रकाना दाखवला.

मी लिहिलं, ‘दोर’.

त्यांनी ते वाचलं. डाव्या हातानं वही मिटली आणि माझ्याकडं सरकवली. मी पेटी बंद केली आणि चारची एसटी धरली.